अंदाजे

उद्यमनगरात माझ्या लेथवर
हा शब्द चालत नाही.
वीस मायक्रॉन इकडंतिकडं झालं
तर मालक जॉब उचलून भंगारात टाकतो,
तोंडातनं एक अक्षर काढत नाही.

तुझ्या फायलीत मात्र पहिल्याच ओळीत डॉक्टरांनी लिहिलंय:
वय अंदाजे अकरा दिवस.
वजन तेवढं नक्की. दोन किलो शंभर.

पंचनाम्यात जागा आहे.
शाहूपुरी, गुळाची पेठ, रव्यांच्या थप्पीमागं,
रिकाम्या बारदानावर, पहाटे पावणेपाच.
इसम नामे इलाही नदाफ, धंदा हमाली,
यानं जबाब दिला:
"मांजार हाय म्हणून हाकलाय गेलतो."
एवढंच. खाली अंगठा.
त्या अंगठ्यावर मी माझं बोट टेकवून बघितलं,
झेरॉक्स होती, तरी.

मग पेपरातलं कात्रण.
वर कुणाचं तरी दहावीचं सर्टिफिकेट हरवलंय,
खाली फुलेवाडीतल्या प्लॉटवर हरकत असल्यास कळवा,
मधे तू, डोळे मिटून, मूठ गालाला लावून.
सदर बालिकेवर हक्क सांगणाऱ्यांनी संपर्क साधावा.
तारीख वाचली आणि आठवायला लागलो.
सोमवार. फर्स्ट शिफ्ट.
आम्ही रोजच्या पेपरवर भाकरी सोडतो
आणि जेवण झालं की त्यालाच ऑईलचे हात पुसतो.
साठ दिवस कुणी आलं नाही म्हणतात.
आता तुला खरं सांगायचं तर
आम्हीपण आलो नाही.

आमचा नंबर लागायला साडेतीन वर्षं लागली.
मॅडम घर बघायला आल्या,
दोन खोल्या, एक पंखा, पाणी दिवसाआड, सगळं लिहून घेतलं.
शालनला विचारलं, मूल रात्रभर रडलं तर काय कराल?
"काय करू? भूक असंल तर पाजायचं,
नसंल तर माझंबी डोळं तसंच पाझरत्यात, बसू दोघी."
मॅडमनी हे लिहिलं की नाही, ठाऊक नाही.

गल्लीतल्या एकानं विचारलं, आकाराम, जात काय लावली हाय पोरीला?
त्या रकान्यात आडवी रेघ आहे, मी म्हटलं.
सरळ रेघ. पट्टी लावून मारल्यागत.

शालन अजून बायकांचे कान बघते.
गंगावेशीत म्हशीची धार निघेस्तोवर रांगेत उभी असताना,
के.एम.टी.त, दवाखान्यात,
तुझ्या डाव्या पाळीला आहे तशी खाच दिसते का म्हणून.
एकदा रात्री, तू मधे झोपलेली,
ती अंधारातच बोलली:
"बारदानावर ठेवून गेली ती. नुसत्या फरशीवर न्हाई.
मी हे ध्यानात ठेवलंया."
मी काही बोललो नाही.
तुझा पाय माझ्या पोटावर होता.

आदेश मंगळवारी मिळाला.
कलेक्टर कचेरीत, तिसऱ्या टेबलावर.
सर्व प्रयोजनांसाठी सदर दत्तक माता-पित्यांचे अपत्य
समजण्यात येईल.
सर्व प्रयोजनांसाठी म्हणजे? मी विचारलं.
ताप आला तर? शाळेतनं पळून आली तर?
उद्या मोठी होऊन आमच्याशी बोललीच नाही तर?
क्लार्कनं चष्म्यावरनं बघितलं.
"सगळं येतं ओ मगदूम त्यात. सही करा."
तू त्याचं शिक्क्याचं पॅड ओढलंस.
माझ्या त्या एकुलत्या पांढऱ्या शर्टावर
तुझी जांभळी चार बोटं आहेत, शालन धुऊ देत नाही.

नवीन दाखल्यावर केतकी आकाराम मगदूम.
जन्म चार फेब्रुवारी.
अकरा दिवस मागं मोजून काढलेली तारीख आहे ही,
तीन असू शकते, सात असू शकते,
मायक्रोमीटर घेऊन जन्मभर बसलो तरी मला सापडणार नाही.
म्हणून शालननं तिचं गणित केलंय.
एक ते आठ, रोज सकाळी दिवा ओवाळायचा
आणि जिभेवर चिमूटभर गूळ.
कुठला तरी एक दिवस लागू पडंलच की, म्हणते.

गूळ मी शाहूपुरीतनंच आणतो.
पाठीवर रवा घेऊन जो कोणी समोरनं येतो
त्याला थांबून वाट देतो.
नाव विचारत नाही.